निळी फाइल आणि तीन अक्षता

१

प्रसन्न देवतळेच्या गाडीतून निळी फाइल नाहीशी झाली आहे, हे सगळ्यात आधी कळलं ते पोलिसांना. घरच्यांना कळायला आणखी दोन तास गेले.

ऑक्टोबर २००७ मधला रविवार होता, दसऱ्याचा. अमेरिकेतल्या चँडलर गावाच्या बाहेर हायवेवर त्या दुपारी पोलिसांनी मोहीम लावली होती. कुणाचा मागचा दिवा मंद, कुणी इंडिकेटर उशिरा दिला, अशी एकेक कारणं काढून गाड्या बाजूला घेणं चाललं होतं. कारणं निरनिराळी असली तरी बाजूला घेतलेल्या चालकांचा रंग साधारण एकच होता. प्रसन्नचं कारण होतं झेंडूची माळ. सकाळी गाडीची पूजा झाली होती आणि माळेचा एक तुकडा आतल्या आरशाला लटकत होता. आरशाला वस्तू टांगली, समोरचं दिसायला अडथळा येतो, गाडी बाजूला घ्या.

सीटवर पानांची पिशवी होती. अपार्टमेंटच्या पार्किंगमधल्या कांचनाची पानं आपट्याची म्हणून तोडून प्रसन्न मित्रांकडे सोनं द्यायला निघाला होता. पोलिसांनी ती हुंगून पाहिली. मग त्याच्याशी स्पॅनिशमध्ये बोलून पाहिलं. तो इंडियन आहे हे कळल्यावर त्यांनी त्याचं नाव कंप्यूटरवर टाकलं. व्हिसाची जुनी मुदत सप्टेंबरमध्येच संपलेली दिसली. नवी मंजुरी अजून कंप्यूटरात चढली नव्हती.

"मंजुरीचं ओरिजिनल ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे," प्रसन्न म्हणाला. "पासपोर्टपण तिथंच."

पोलिसानं ग्लोव्ह बॉक्स उघडला. आत गाडीचं मॅन्युअल, इन्शुरन्सचं कार्ड, टायरची हवा मोजायची नळी आणि गॉगल होता. निळी फाइल नव्हती.

त्या वर्षी पोलिसांना परदेशी माणसांचे कागद तपासायचे अधिकार मिळाले होते, आणि ते हौसेनं वापरले जात होते. प्रसन्नला बेड्या घालून नेलं आणि गाडी ओढून नेली.

सात वाजता त्याच्या बायकोनं, दीपानं, मराठी मंडळातल्या ओळखीच्या चारुदत्त नगरकरला फोन केला. तिनं गाठलेल्या वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की मंगळवारी सकाळी दहाच्या आत ओरिजिनल कागद काउंटरवर दिले तर प्रसन्न सुटेल. नाही दिले तर त्याला इथून तास-दीड तासावरच्या डिटेन्शन सेंटरला हलवतील, आणि तिथून माणूस कधी बाहेर येईल ते कुणालाच सांगता येत नाही.

"काका, कॉपी चालत नाही म्हणतात. आणि प्रसन्न फोनवर शपथेवर सांगतोय की शनिवारी संध्याकाळी त्यानं स्वतः फाइल तिथं पाहिली. गाडीचं लॉक तुटलेलं नाही." तिचा आवाज खाली गेला. "म्हणजे घरातल्याच किल्लीनं कुणीतरी काढली."

२

चारुदत्त नगरकर चोपन्न वर्षांचा. गाड्यांच्या विम्याचे दावे तपासणं हा त्याचा धंदा. अपघात झालेली गाडी पाहून चालक खरं बोलतोय की थापा मारतोय हे सांगायचं, आणि ते त्याला बरं जमायचं. अमेरिकेत सत्तावीस वर्षं काढली होती, त्यातली सोळा नागरिक म्हणून. तरी २००१ नंतर त्याला रस्त्यात चौदा वेळा थांबवलं होतं. पहिल्या तीन-चार वेळी तो घरी येऊन जेवला नव्हता. नंतर जेवू लागला. आता मागे निळे-लाल दिवे लागले की त्याचे दोन्ही हात आपोआप स्टिअरिंगवर वर जाऊन बसत, पोलिसाला दिसतील असे. पोलीस "सॉरी सर" म्हणाला की तो म्हणायचा, "इट्स ओके, सवय आहे." घरी मोनानं, त्याच्या बायकोनं, काळजीनं विचारलं तरी तेच. काही वाटायचंच नाही त्याला. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतो आणि गाल आपला राहत नाही, तसं काहीतरी झालं होतं. फक्त ते उतरायचं राहून गेलं होतं.

सोमवारी सकाळी तो ओढून नेलेल्या गाड्यांच्या आवारात गेला. कंपनीचं ओळखपत्र पाहून तिथल्या माणसानं मानही वर केली नाही.

प्रसन्नची रुपेरी गाडी कोपऱ्यात उभी होती, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चारही चाकांना आणि स्टिअरिंगला कुंकवाची बोटं. बॉनेटच्या फटीत अक्षता अडकल्या होत्या. चारुदत्तनं सवयीप्रमाणे बाहेरून सुरुवात केली आणि सगळ्यात शेवटी ग्लोव्ह बॉक्स उघडला. मॅन्युअल बाहेर काढलं. त्याच्या खाली, अगदी मागच्या कोपऱ्यात, तीन अक्षता होत्या. झाकणाच्या आतल्या बाजूला कुंकवाचा एक ठिपका होता, बोट टेकवल्यासारखा.

पूजेत अक्षता कुठंही उडतात. त्यानं त्या तीन अक्षता पाकिटात घातल्या, ठिपक्याचा फोटो काढला आणि नको त्या माणसावर संशय घ्यायला निघाला.

३

देवतळ्यांच्या घरी पायरीवरच दीपानं त्याला अडवलं.

"काका, आईंना काही माहीत नाही हं. त्यांना स्टेंट टाकलाय मार्चमध्ये, बीपी आहे. प्रसन्न ऑफिसच्या कामाला सॅन होजेला गेलाय, बुधवारी येईल असं सांगितलंय. प्लीज, त्यांच्यासमोर विषय नको."

"नाही काढणार," चारुदत्त म्हणाला. नागपूरहून आलेल्या बहात्तर वर्षांच्या बाईला इंग्रजी कागदांचं काय विचारायचं होतं?

आत हॉलमध्ये चौरंगावर दसऱ्याची पूजा मांडलेली होती. लाल वस्त्रावर दीपाची परीक्षेची जाड पुस्तकं, प्रसन्नचा लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हरचा डबा, स्वयंपाकघरातली विळी. वर झेंडूची फुलं, कालची, जरा सुकलेली. प्रसन्नची आई सोफ्यावर बसून वाती वळत होती. तिनं चारुदत्तकडे बराच वेळ पाहिलं.

"या भाऊ. शिरा घ्या. कालचा आहे, पण प्रसाद आहे."

त्यानं शिरा घेतला आणि दीपाला बाल्कनीत नेलं.

"पूजा अजून हलवली नाही?"

"आई ऐकत नाहीत. म्हणतात, ज्याचं शस्त्र त्यानं उचलायचं, आणि सगळी पूजा एकदमच हलवायची. प्रसन्न आल्यावरच. माझी एक्झाम आलीये आणि पुस्तकं तिथं अडकलीत. पण कोण बोलणार?"

"फाइल तिथं असते हे कुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच. गाडी सुरू करायच्या आधी तो ग्लोव्ह बॉक्सवर दोनदा थाप मारतो. रोज. आम्ही हसतो त्याला." तिला आता हसू आलं नाही. "काल घरात आम्ही तिघं, अनीश आणि शंतनू. किल्ली किचनमधल्या हुकला असते. सकाळी आईंनी गाडीची पूजा केली, मग जेवणं झाली, चार वाजता प्रसन्न निघाला."

"शंतनूनं किल्ली घेतली होती?"

दीपानं बाल्कनीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाली, "हो. जेवणाच्या आधी. फोल्डिंगच्या खुर्च्या आणायला."

शंतनू प्रसन्नच्याच ऑफिसात होता. दोघं एका गाडीनं ये-जा करत. जानेवारीत दोघांपैकी एकाचंच कॉन्ट्रॅक्ट पुढे जाणार आहे, हे साऱ्या मंडळाला ठाऊक होतं. चारुदत्तनं त्याला ऑफिसच्या कँटीनमध्ये गाठलं.

"काका, कमॉन यार! मी त्याची फाइल कशाला घेऊ?" शंतनूनं ट्रे बाजूला सारला. "कॉन्ट्रॅक्टचं म्हणाल तर ते मलाच मिळालंय. शुक्रवारी लेटर आलं. प्रसन्नला अजून सांगितलं नाही, सण होता म्हणून. खुर्च्या डिकीत होत्या. पुढचं दार मी उघडलंपण नाही."

त्यानं पत्र दाखवलं. तारीख शुक्रवारचीच होती. ज्याला आधीच मिळालंय तो चोरी कशाला करेल?

"एक सांगू? अनीशला विचारा," शंतनू हळूच म्हणाला. "त्याचा व्हिसाचा स्टेटस गेलाय. मे महिन्यापासून."

४

अनीश हा प्रसन्नचा मावसभाऊ. शिक्षण संपलं, पहिली नोकरी लागली आणि कंपनी बुडाली. आता सव्वीस वर्षांचा हा माणूस भावाच्या सोफ्यावर झोपत होता आणि वकिलांना मेल पाठवत होता. जानेवारीपासून राज्याचा नवा कायदा येणार होता. प्रत्येक मालकाला प्रत्येक नोकराचे कागद पडताळून घ्यायचे होते. ज्याच्याकडे कागद नाहीत त्याला दुसऱ्याचे कागद मोलाचे वाटणारच. चारुदत्तचा हिशेब चटकन जुळला. अशा माणसाबद्दल तो फार चटकन जुळतो.

अनीश कॉम्प्लेक्सच्या कपडे धुण्याच्या खोलीत मशीनसमोर बसला होता. पाठीवरची बॅग मांडीवर होती.

"दादाच्या फाइलला तू कधी हात लावला होतास?" चारुदत्तनं काही आढेवेढे न घेता विचारलं.

"गेल्या आठवड्यात. का?"

"बॅगेत काय आहे?"

अनीशनं त्याच्याकडे पाहिलं. रागावला नाही. बॅग समोरच्या टेबलावर ठेवली, मागे सरकला आणि सावकाश चेन उघडली. उघडताना दोन्ही हात दिसतील असे ठेवले होते. कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. चारुदत्तला ते हात ओळखीचे वाटले, पण त्यानं तिकडे लक्ष दिलं नाही.

बॅगेत शर्ट, लॅपटॉप आणि एक प्लॅस्टिकचा कप्पा होता. कप्प्यात प्रसन्न देवतळेच्या नावाचं मंजुरीपत्र होतं.

"हे काय आहे?"

"कलर कॉपी. माझ्या वकिलाला नमुना हवा होता, दादानंच काढून दिली. उजेडात धरून बघा, ओरिजिनलला खाली तोडायचं कार्ड असतं, त्याला बारीक भोकांची रेघ असते. इथं ती नुसती छापलीये." त्यानं कागद पुढे केला. "दादा आत आहे, काका. मी त्याची फाइल लपवून इथं कपडे धुत बसेन?"

चारुदत्तनं कागद उजेडात धरला. रेघ छापलेली होती. शिवाय दुसरी गोष्ट त्याच्याही ध्यानात आली. प्रसन्नचा फोटो आणि प्रसन्नची जन्मतारीख घेऊन अनीश कुठं जाणार होता?

"ठीक आहे," तो म्हणाला. अनीशनं शर्ट पुन्हा घडी करून बॅगेत भरले.

बाहेर येऊन चारुदत्तनं घड्याळ पाहिलं. साडेपाच. वकीलबाईंनी दिलेल्या मुदतीला साडेसोळा तास उरले होते, आणि त्याच्याजवळ एकही संशयित उरला नव्हता.

५

तो आपल्या गाडीत बसला. इंजिन सुरू करायच्या आधी त्याचा उजवा हात ग्लोव्ह बॉक्सकडे गेला आणि झाकणावर दोनदा थाप पडली. आत त्याचा अमेरिकन पासपोर्ट होता. नागरिक माणसाला आपल्याच गावात भाजी आणायला जाताना पासपोर्ट लागत नाही, पण सहा वर्षं तो तिथंच होता.

थाप मारलेला हात तसाच राहिला.

कुंकवाचा ठिपका नेमका याच जागी होता, पण झाकणाच्या आत. अक्षता मॅन्युअलच्या खाली होत्या. उडून आलेल्या अक्षता मिटलेल्या झाकणातून आत जात नाहीत, मॅन्युअलच्या खालीही सरकत नाहीत. कुणीतरी पूजा करताना ग्लोव्ह बॉक्स उघडला होता, आतलं सामान उचललं होतं आणि कुंकवाचं बोट लावलं होतं. गाडीच्या पूजेत चाकांना कुंकू लावतात, स्टिअरिंगला लावतात. ग्लोव्ह बॉक्सला कोण लावतं? आत काहीतरी पूजेच्या लायकीचं आहे असं ज्याला वाटतं, तोच.

गाडीची पूजा कुणी केली होती ते दीपानं सकाळीच सांगितलं होतं. त्यानं ते ऐकून सोडून दिलं होतं. पोलिसांनी तोंडं पाहून कुणाला थांबवायचं ते ठरवलं, आणि त्यानंही तोंडं पाहूनच कुणाला विचारायचं ते ठरवलं. दिवसभरात सगळी माणसं तपासून झाली असं तो समजत होता. घरात आणखी एक माणूस होतं आणि त्यानं तिच्या हातचा शिरा खाल्ला होता.

तो जिना चढून वर गेला. प्रसन्नची आई देवाजवळ दिवा लावत होती. दीपा स्वयंपाकघरातून धावतच आली आणि मानेनं नको-नको म्हणू लागली.

"काकू," चारुदत्त म्हणाला, "गाडीतली निळी फाइल कुठं आहे?"

म्हातारीनं काडी विझवली.

"तिथंच," ती चौरंगाकडे बोट करून म्हणाली. "लॅपटॉपच्या खाली, वस्त्रात. पूजेत ठेवली. काहून?"

दीपा भिंतीला टेकली.

"पूजेत कशाला ठेवली, आई?" तिनं विचारलं.

"शस्त्रं ठेवतात ना दसऱ्याला? तुमच्या सासऱ्यांची शिलाई मशीन ठेवत होतो आपण. इथं रोज सकाळी मी खिडकीतून पाहते, प्रसन्न गाडीत बसला का त्या डब्ब्यावर हात ठेवते, देवाला ठेवावा तसा. मग म्हटलं, त्याचं शस्त्र ते हाये. तो आंघोळीला गेला होता, मी काढून आणली. मग पाहुणे आले, अन् सांगायचं राहून गेलं. म्हटलं सोमवारी पूजा हलवली का त्याच्या हातानंच परत ठेवू. तर तुम्ही म्हणाले, तो बुधवारी येते. मी थांबली."

हे असं होतं. प्रसन्न आल्याशिवाय पूजा हलायची नव्हती, आणि पूजा हलल्याशिवाय प्रसन्न यायचा नव्हता. बाईला काही कळू न देण्याची इतकी काळजी घेतली, की जिला सगळं माहीत होतं तिलाच कुणी काही विचारलं नाही.

"आई, प्रसन्न..." दीपा म्हणाली आणि थांबली.

"सॅन होजेला नाही, माहीत आहे मला." म्हातारी चौरंगासमोर बसली. "कंप्यूटरवाला माणूस कंप्यूटर इथं ठेवून कामाले जाते का? काल रात्रीपासून तुम्ही बाथरूममध्ये नळ सोडून रडता. मला वाटलं, माझ्या बीपीसाठी लपवता तर लपवू द्या. मी विचारलं तर तुमच्या जिवाला अजून घोर. कुठं आहे तो?"

चारुदत्तनं सांगितलं. सगळं सांगितलं, फक्त गाडी कशावरून थांबवली ते गाळलं. तिनं तेही विचारलं.

"थांबवली काहून पण?"

झेंडूची माळ आरशाला तिनंच बांधली होती.

"असंच," चारुदत्त म्हणाला. "त्यांना कारण लागत नाही."

ते खोटं होतं, आणि त्याच्याइतकं खरंही कुणी काही सांगितलं नसतं. म्हातारीनं हात जोडले, फुलं बाजूला केली, लॅपटॉप उचलला आणि लाल वस्त्राच्या घडीतून निळी फाइल काढली. पदरानं पुसली. कुंकू थोडं पसरलं.

"मला विचारलं असतं तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "रविवारीच."

६

मंगळवारी पावणेदहाला काउंटरवरच्या माणसानं मंजुरीपत्र उजेडात धरलं. खालच्या कोपऱ्यात लाल डाग होता. त्यानं नखानं खरवडून पाहिलं.

"हे रक्त आहे?"

"नाही," चारुदत्त म्हणाला. "पूजेचा रंग आहे. सणाचा."

त्या माणसानं कागद दुसऱ्याला दाखवला, मग तिसऱ्याला. तिसऱ्यानं कुठंतरी फोन केला. शेवटी शिक्का पडला. प्रसन्न साडेअकराला बाहेर आला, रविवारच्याच सणाच्या कुर्त्यात. तो चारुदत्तच्या गाडीत बसला. पट्टा लावला आणि समोरच्या ग्लोव्ह बॉक्सवर दोनदा थाप मारली. मग गाडी आपली नाही हे त्याच्या लक्षात आलं.

घरी आईनं त्याच्यावरून मीठ-मोहरी ओवाळली. रडली नाही. त्याला जेवायला वाढलं, त्याचं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली. मग दीपाला म्हणाली, "माझा पासपोर्ट लॉकरमध्ये ठेवला आहे ना तुम्ही? तो काढून आणा. मी सकाळी फिरायला जाते, पिशवीत असू द्या."

दीपानं मान डोलावली.

चारुदत्त खाली आला. पार्किंगमध्ये कांचनाच्या झाडाखाली अनीश उभा होता, पाठीवर तीच बॅग. दुसऱ्या राज्यात, बॉथेलला एका मित्राकडे जातो म्हणाला, तिथं कुणीतरी सोफा देतंय, बस तीनला आहे.

"अनीश, काल मी तुझी बॅग..." चारुदत्तनं बॅगेकडे पाहिलं. "चुकलं माझं. तुझ्याकडे कागद नाहीत म्हणून मी तुलाच धरलं. दुसरं काही कारण नव्हतं."

"असू दे काका," अनीश म्हणाला. "सवय आहे."

हे वाक्य चारुदत्तनं स्वतः कितीतरी वेळा म्हटलं होतं. समोरून कधी ऐकलं नव्हतं. ते ऐकून प्रत्येक वेळी समोरचा पोलीस हसून आपल्या गाडीत बसला होता आणि निघून गेला होता. चारुदत्तला निघता येईना.

अनीश बस स्टॉपच्या दिशेनं चालू लागला. फूटपाथवर त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. वळणावर एक पोलिसांची गाडी त्याच्या बाजूला येऊन जराशी हळू झाली, आणि अनीशनं खिशातले हात बाहेर काढले. मग ती गाडी पुढे गेली.

चारुदत्त झाडाखालच्या कट्ट्यावर बसला. गालातलं इंजेक्शन उतरताना आधी मुंग्या येतात आणि मग दुखायला लागतं. त्याला दुखायला लागलं होतं. तो उठला, गाडीत बसला, आणि अनीशला बसपर्यंत सोडायला त्याच्या मागे निघाला.